बिननावाच्या चिठ्ठ्या

३ जुलै, बुधवार

शाळेची टाचणवही वेगळी आणि ही वही वेगळी. टाचणवहीत रोज लिहावं लागतं की घटक पूर्ण झाला, विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला. मुख्याध्यापक न वाचता सही करतात. आज मीही तसंच लिहिलं आणि नंतर स्टाफरूममध्ये बसून माझी मलाच लाज वाटली. म्हणून ही दुसरी वही घेतली. हिच्यावर कोणाची सही नको.

यंदा पहिल्यांदाच नववीचं गणित मिळालंय. नववी ब, पट चव्वेचाळीस. आज नुसती उजळणी घ्यायची म्हणून फळ्यावर तीन छेद चार अधिक एक छेद दोन लिहिलं. एकतीस जणांचं उत्तर आलं चार छेद सहा. वरचे वर मिळवले, खालचे खाली. मी समजावून सांगितलं आणि विचारलं, "कोणाला समजलं नाही?"

एक हात वर नाही.

"सगळ्यांना समजलं?"

"हो मॅडम!" एका सुरात. मग तसंच दुसरं उदाहरण दिलं. पुन्हा एकतीस चुकले. बहुतेक तेच एकतीस.

८ जुलै, सोमवार

मधल्या सुट्टीत रामप्रसाद सरांना सांगितलं. ते आमचे पर्यवेक्षक. येत्या मे महिन्यात मुख्याध्यापक निवृत्त झाले की खुर्ची त्यांचीच. मला ते 'ताई' म्हणतात, नुसतं म्हणण्यापुरतं नाही. माझ्या नोकरीची मान्यता तीन वर्षं अडकली होती तेव्हा फाइल काखेत मारून ते माझ्याबरोबर जालन्याच्या ऑफिसात चकरा मारायचे. हरिओमला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, बियाणे कंपनीतून सुट्टी मिळायची नाही. मला भाऊ नाही. तेव्हापासून राखी त्यांनाच बांधते.

सर हसले. "ताई, ही पोरं अशीच. पाया कच्चा हाय त्यांचा. तुम्ही जास्ती मनावर घेऊन राह्यल्या. पोर्शन संपवा अन् मोकळ्या व्हा."

पाया कच्चा आहे हे खरंच आहे. सातवी आणि आठवीला या वर्गाला गणित सरांनीच शिकवलं. ते तोंडावर आलं होतं, पण गिळलं. कसं बोलणार?

११ जुलै, गुरुवार

बिस्किटांचा पत्र्याचा चौकोनी डबा घरून नेला. झाकणाला हरिओमने फट पाडून दिली. वर्गाला म्हटलं, "जे समजलं नाही ते कागदावर लिहायचं आणि यात टाकायचं. नाव लिहायचं नाही. शंका कितीही छोटी असो, पहिलीतली असो, चालेल."

आकांक्षा म्हणून एक पोरगी आहे, दुसऱ्या बाकावर बसते, तोंडाची धीट. ती म्हणाली, "आन् सर लोकांनी वाचलं तर?"

"माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही."

"आईची शपथ घ्या मॅडम."

सगळे हसले. मीही हसले. पण घेतली शपथ. गळ्याला चिमटा लावून घेतली.

नऊ चिठ्ठ्या निघाल्या. सहा कोऱ्या. एकीत, 'मॅडम तुमची आजची साडी छान आहे.' एकीत फक्त एक प्रश्नचिन्ह. आणि एकीत, 'शून्याने भागलं तर काय होते हे आम्हाला कोणी सांगत न्हाई.' शेवटची दोनदा वाचली.

२४ जुलै, बुधवार

आज सत्तावीस. डबा हलवला तर आवाज येतो आता. गेल्या काही दिवसांतल्या या काही:

'ऋण गुणिले ऋण धन कसे काय? दोन वाईट मिळून चांगले होते का?'
'भागाकारात वरून आकडा उतरवतात ते का उतरवतात.'
'मॅडम मला पाढे तेरापर्यंतच येतात. आता शिकलो तर चालेल का.'

रोज तासाची पहिली दहा मिनिटं चिठ्ठ्यांची. प्रश्न माझ्या अक्षरात फळ्यावर लिहिते म्हणजे कोणी ओळखत नाही. उत्तर मी देत नाही, वर्गालाच विचारते. काल ऋण गुणिले ऋणवर एवढा वाद झाला की शेजारच्या वर्गातून शिपाई विचारायला आला, भांडण झालं का म्हणून. तेराच्या पुढचे पाढे आता रोज अख्खा वर्ग म्हणतो. कोणासाठी ते कोणालाच माहीत नाही.

पंधरा वर्षं शिकवतेय. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा शाळेत जायची घाई होते.

६ ऑगस्ट, मंगळवार

आजची एक चिठ्ठी इथे उतरवून ठेवते.

'मला गुणोत्तर कळत न्हाई. आठवीत सरांनी शिकवलंच न्हाई. गाईड द्यायचे आणि म्हणायचे उतरवा. ते बाहेर मोटरसायकलपाशी फोनवर बोलत उभे राहायचे. माझे पप्पा मिस्तरी आहेत. ते घरी म्हणतात एकास सहाचा माल, एकास चारचा माल. मला विचारतात, पोरी तुला शाळेत हे शिकवतात का, तर मी हो म्हणते. मला खोटं बोलायला लाज वाटते.'

नाव नाही. पण मिस्तरीची मुलगी वर्गात एकच, सुमेधा. सर्जेराव मिस्तरींची थोरली. शेवटून दुसरा बाक, मान खाली, वही स्वच्छ.

वाचून वाईट वाटायला हवं होतं. खरं लिहायचं तर आधी बरं वाटलं. का, ते आज लिहीत बसत नाही.

८ ऑगस्ट, गुरुवार

कंपाउंडच्या भिंतीचं काम चालू आहे, तिथे वाळूचा ढीग पडलेला आहे. वर्ग घेऊन तिथेच गेले. घमेली मागून घेतली. सिमेंटऐवजी राख घेतली आणि म्हटलं, एकास सहाचा माल करा.

एक घमेलं राख, सहा घमेली वाळू. इथपर्यंत सगळे बरोबर. मग विचारलं, "या ढिगात सिमेंट कितवा भाग?"

आकांक्षा म्हणाली, "सहावा!" तिच्यामागून वर्ग, "सहावा!"

"सातवा." इतका बारीक आवाज, की मला वाटलं कोणी खोकललं.

सुमेधा पुढे आली. "एकूण घमेली किती झाली? सात ना. सातातलं एक सिमेंट. सहावा भाग कुठून आला मंग?"

"पण मॅडमच एकास सहा म्हणल्या ना!" आकांक्षा म्हणाली.

"ते सिमेंटला वाळू किती ते सांगून राह्यलं. ढिगाला सिमेंट किती ते न्हाई सांगत. तू गडबड करून राह्यली."

आकांक्षाने हट्टाने घमेली परत मोजली. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बराबर हाय हिचं." वर्गाने टाळ्या वाजवल्या. सुमेधाने हाताची राख स्कर्टला पुसली आणि पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं.

या एका तासासाठी बी.एड. केलं होतं असं वाटलं.

१९ ऑगस्ट, सोमवार

राखी. सर घरी आले होते. जेवताना मी घमेल्यांचा तास सांगितला. सर म्हणाले, "जिल्ह्याची नवोपक्रम स्पर्धा आहे, टाका की हे. अहवाल मी लिहून देतो, माझा हात बसलेला आहे त्यात. दोघांच्या नावाने पाठवू. फक्त पुरावे पाहिजेत. त्या चिठ्ठ्या द्या मला आठ दिवस."

मी म्हटलं, बघते.

ते गेल्यावर हरिओम म्हणाला, "पोरांना शपथ घेऊन सांगितलंस ना, कोणाला दाखवणार नाही म्हणून?"

"नावं कुठे आहेत त्यांच्यावर?"

"मग आपल्याच मनाने दोन-चार लिहून दे की नमुन्याला."

ते खोटं झालं असतं. आणि सर म्हणजे बाहेरचे नाहीत. मी उद्या सगळा गठ्ठा देणार आहे. एकशे बारा आहेत. सुमेधाची काढून ठेवावी का, असं एकदा मनात आलं. पण सर मोठ्या मनाचे आहेत, वाचून उलट हसतील. कदाचित त्यांनाही कळेल काहीतरी. रबर लावताना तीच वर आली, तशीच राहू दिली.

२९ ऑगस्ट, गुरुवार

मंगळवार-बुधवार जालन्याला ट्रेनिंग होतं. जुन्या जालन्यात मावशीकडे राहिले. दोन दिवस तिथे सांगत होते, मुलांना बोलतं करा. मी मनात म्हटलं, मी केलं.

आज सरांनी गठ्ठा परत दिला. "छान काम आहे ताई. बराबर मोजून घ्या." बस, एवढंच. सुमेधाच्या चिठ्ठीबद्दल अवाक्षर नाही. मी उगीच घाबरत होते. थोडं चुकल्यासारखंही वाटलं, ते कशाने कोण जाणे.

सुमेधा आज आलेली नाही. ताप आहे म्हणाल्या पोरी.

५ सप्टेंबर, गुरुवार

शिक्षक दिन. वर्गाने मला गुलाबाचं फूल आणि पेन दिलं. भाषण कोणी केलं नाही. आकांक्षाला आग्रह केला तर म्हणाली, "घसा बसलाय मॅडम." मधल्या सुट्टीत मैदानात तर ओरडत होती.

सुमेधा आली आहे. बाक बदललाय, आता अगदी शेवटी, खिडकीकडे. अंगात अजून अशक्तपणा असावा.

१० सप्टेंबर, मंगळवार

आज डब्यात एकोणचाळीस चिठ्ठ्या, आजवरच्या सगळ्यांत जास्त! आणि एकोणचाळीसच्या एकोणचाळीस चिठ्ठ्यांत एकच वाक्य: सगळं समजलं.

मी वर्गातच खुर्चीवर बसले. डोळ्यांत पाणी आलं. पोरं गप बघत होती. मी म्हटलं, "तुम्ही मला जिंकून दिलंत." कोणी काही बोललं नाही. बिचारी लाजली असतील.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, "आलेख काढा. जुलैत शंका किती, सप्टेंबरात किती. घसरता आलेख समितीला फार आवडतो."

काढला. काय सुंदर उतरतोय.

२४ सप्टेंबर, मंगळवार

घटक चाचणीचे पेपर तपासले. चव्वेचाळीसांपैकी अठ्ठावीस नापास. गुणोत्तराच्या प्रश्नाला सुमेधाने हात लावलेला नाही. प्रश्न क्रमांक लिहिलाय आणि खाली अख्खं पान कोरं.

पेपर अवघड निघाला असणार. वेळही कमी दिली होती मी. पण शंका शून्य आणि नापास अठ्ठावीस, याची सांगड कशी घालू? आज डोकं चालत नाही.

१ ऑक्टोबर, मंगळवार

समिती आली होती. तीन जण. सर त्यांच्यासोबत पुढे, मी मागे. डबा टेबलावर, आलेख भिंतीवर.

एका बाईंनी विचारलं, "या डब्याचा तुम्हाला काय फायदा झाला, कोण सांगेल?"

चव्वेचाळीस पोरं फळ्याकडे बघत बसली. मी हसून म्हटलं, "सांगा ना, घाबरू नका." मग नाइलाजाने मीच म्हटलं, "सुमेधा, घमेल्यांचं सांग बरं."

ती उठली. माझ्याकडे बघितलं नाही, सरांकडे बघितलं. "मॅडम छान शिकवतात. आम्हाला सगळं समजते." पाठ केल्यासारखं. आणि बसली.

समितीने फाइल चाळून चांगला शेरा दिला, पण वर्गात काय झालं ते मला दिसलंच. मी यांच्यासाठी रोज घरी दोन-दोन तास चिठ्ठ्या वाचल्या. दुसऱ्या कोणी वाळूत बसवून गणित शिकवलं असतं? एका वाक्याची आशा होती, एका. ज्या दिवशी मला त्यांची गरज होती त्या दिवशी त्यांनी तोंड शिवून घेतलं. सुमेधाने तर ठरवून केलं. तिच्यासाठी मी काय नाही केलं!

समिती गेल्यावर वर्गात जाऊन म्हटलं, "कृतघ्न आहात तुम्ही."

३ ऑक्टोबर, गुरुवार

आज घटस्थापना. शाळा अर्धा दिवस होती. सुटल्यावर आकांक्षा वर्गात थांबली, दप्तर पाठीवर, दाराला टेकून.

"मॅडम, तुम्ही कृतघ्न का म्हणल्या आम्हाला?"

"तुला माहीत नाही?"

"आम्हाला माहीत हाय. तुम्हाला माहीत न्हाई का, हे विचारून राह्यले मी."

मग तिने सांगितलं. मी ट्रेनिंगला गेले त्या मंगळवारी रामप्रसाद सरांनी सुमेधाला ऑफिसात बोलावलं. तिच्या पप्पांना कामावरून बोलावून घेतलं. सर्जेराव सिमेंटच्या हाता-पायांनी आले आणि उभेच राहिले. सरांनी चिठ्ठी त्यांना मोठ्याने वाचून दाखवली. सुमेधाकडून माफीनामा लिहून घेतला. आणि दुसऱ्या दिवशी, माझ्या तासाला, माझ्या फळ्यासमोर उभं करून तो तिला वाचायला लावला.

"आन् मंग सर म्हणले, डब्यात तुम्ही काय काय टाकता ते समदं मी वाचतो. मॅडमच आणून देतात मला."

मला बसायला खुर्ची सापडेना.

"पाच आठवडे झाले. मला का नाही सांगितलं कोणी?"

"तुम्हाला सांगितलं तर तुम्ही कोणाला सांगाल, काय माहीत."

एवढं बोलून ती गेली. चिडून नाही, सहज बोलली. जसं बाहेर ऊन आहे म्हणून सांगावं.

एकोणचाळीस चिठ्ठ्या. सगळं समजलं. आणि मी रडले होते त्यांच्यासमोर, आनंदाने.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

सरांना प्रयोगशाळेत गाठलं. दार लावून घेतलं.

"तुम्ही सुमेधाला ऑफिसात बोलावलं होतं?"

"बोलावलं होतं."

"आणि मला एका शब्दाने सांगितलं नाही."

"तुम्ही ट्रेनिंगला गेल्त्या."

"सर, मी विश्वासाने दिल्या होत्या तुम्हाला चिठ्ठ्या!"

"बराबर," सर म्हणाले. "आन् पोरांनी तुम्हाला कशानं दिल्या होत्या?"

सर स्टुलावर बसले. एकदम म्हातारे दिसले.

"ताई, पोरीनं खोटं काय लिहिलं न्हाई. म्हणून तर लागलं. त्या साली आमची मंडळी दवाखान्यात होती, संभाजीनगरला. तुम्ही डबे घेऊन येत होत्या, तुम्हाला माहीत हाय. तो फोन दवाखान्याचा असायचा. चिठ्ठीत ते कुठं होतं? नुसतं मोटरसायकलपाशी उभे."

"चौदा वर्षांच्या मुलीला ते कसं माहीत असणार?"

"न्हाई ना. पण तुम्हाला माहीत होतं." मग म्हणाले, "एक सांगा. शंभरावर चिठ्ठ्या होत्या. तीच सगळ्यांत वर कशी काय आली?"

"रबर लावताना आली असेल."

सरांनी माझ्याकडे बघितलं, मग खिडकीबाहेर. "आली असेल," म्हणाले.

चोर ते चोर आणि मलाच विचारतात! राखीचा हात असा उलटा पडावा माणसाचा? एका पोरीला बापासमोर, वर्गासमोर उभं केलं आणि वर आरोप माझ्यावर. चिठ्ठी वर होती की खाली, याला काय महत्त्व आहे? काहीही बोलतात.

आज जेवले नाही.

६ ऑक्टोबर, रविवार

हरिओम म्हणाला मी येतो सोबत, पण एकटीच गेले. केदारखेड्याच्या रस्त्याला वस्ती आहे, तिथे सर्जेरावांचं घर. अर्धं स्वतःच्या हाताने बांधलेलं, अर्धं व्हायचं आहे. कौसल्याबाईंनी खुर्ची पुसून दिली, पाणी दिलं. सुमेधा आत होती. बाहेर आली नाही.

मी म्हटलं, "चिठ्ठ्या मी दिल्या होत्या सरांना. माझी चूक झाली." वाटेत पाठ केलेली बाकीची वाक्यं विसरले.

सर्जेराव ओट्यावर बसले होते. बराच वेळ बोटाची साल काढत राहिले.

"मॅडम, मला लिहिता-वाचता थोडंच येतं. सर वाचून दाखवत होते तवा मला कळंना, यात वाईट काय हाय. पोरगी म्हणते मला येत न्हाई, शिकवा. पण सर म्हणले बदनामी हाय, शाळेतून काढू. मी घाबरलो. घरी आणून पोरीला दोन चापटा मारल्या." त्यांनी हाताकडे बघितलं. "पह्यल्यांदा मारलं."

कौसल्याबाई दारातून म्हणाल्या, "ते सांगा की. तुमचं नाव घ्यायचं ते."

"कशाचं?"

सर्जेराव म्हणाले, "सर म्हणत होते, एवढं लिहून दे की मॅडमनी माझ्याकडून लिहून घेतलं. मंग तुझा काय दोष न्हाई, जा घरी. माफीनामा नको न् काय नको. मी बी म्हणलं, लिही बाई, सुटशील. तर ऐकंना. म्हणे, मॅडमनी न्हाई लावलं, मीच लिहिलं. सर तीनदा म्हणले. तीनदा न्हाईच म्हणली."

आत भांड्याचा आवाज झाला आणि थांबला.

मी उठले तेव्हा कौसल्याबाई म्हणाल्या, "चहा ठेवलाय, घेऊन जा." घेतला.

म्हणजे सर माझ्या हातची राखी बांधून घेऊन, माझ्याच विरुद्ध कागद करायला बसले होते. तो कागद झाला नाही, तो एका मुलीमुळे झाला नाही. आणि तिला मी मंगळवारी कृतघ्न म्हणाले.

९ ऑक्टोबर, बुधवार

उपक्रमाची निवड झाली. शाळेत फोन आला, मुख्याध्यापकांनी पेढे मागवले. सर माझ्याकडे न बघता सगळ्यांना वाटत होते.

मी अर्ज लिहून मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवला. अहवालातला आलेख खोटा आहे, मुलांच्या शंका संपल्या नव्हत्या, त्यांनी विचारणं बंद केलं होतं, म्हणून उपक्रम मागे घेत आहे. आणि दुसरा अर्ज, सुमेधाचा माफीनामा परत मिळावा म्हणून.

मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, संस्थेचं नाव जाईल. आणि रामप्रसाद सर उद्या या खुर्चीत बसणार आहेत, तुम्ही विचार केला का?"

केला होता. पुढच्या वर्षी मला पाचवी मिळेल, नाहीतर ग्रंथालय. माफीनामा त्यांनी कपाटातून काढून दिला, हे मात्र मानलं पाहिजे. एक पान आहे. स्वच्छ अक्षर. 'मी खोटे लिहिले' या वाक्यातला 'खोटे' शब्द दोनदा गिरवलाय, पहिल्यांदा पेन उठलं नसावं बहुतेक.

१० ऑक्टोबर, गुरुवार

दुसरा तास. माफीनामा सुमेधाच्या बाकावर नेऊन ठेवला. मग फळ्यापाशी आले आणि उभ्याने सांगितलं.

"मी शपथ घेतली होती आणि मोडली. चिठ्ठ्या मी स्वतः सरांना दिल्या. त्या दिवशी तुम्हाला कृतघ्न म्हणाले, तो शब्द मागे घेते. सुमेधाने माझ्यासाठी काय केलं ते तिला माहीत आहे आणि मला रविवारी कळलं. स्पर्धेतून नाव काढून घेतलंय. डबा मी घरी नेतेय, आता मला तो मागायचा हक्क नाही."

मला वाटलं होतं, एवढं बोलले की काहीतरी सुटेल. सुटलं नाही.

मग शेवटच्या बाकावरून सुमेधा उठली.

"मॅडम, सरांना दिल्या तवा तुम्ही माझी वाचली होती का?"

"हो."

"माझी हाय, ते कळलं होतं?"

"हो."

"सरांबद्दल हाय, ते बी."

"हो."

"मंग बी दिली."

मला म्हणता आलं असतं, की सरांचं मन मोठं आहे असं वाटलं होतं. गेला दीड महिना मी स्वतःला तेच म्हणत होते. या वहीतही तेच लिहिलंय, मागे उघडून बघितलं तर दिसेल. पण ती उभी होती, आणि तीनदा नाही म्हणालेल्या मुलीसमोर ते वाक्य तोंडातून निघेना.

"मला सरांना सांगायचं होतं की तुमच्यामुळे या मुलांचं गणित कच्चं राहिलं," मी म्हटलं. "माझी हिंमत होत नव्हती. तू लिहिलेलं होतं. म्हणून तुझी चिठ्ठी मी वर ठेवून दिली."

पहिल्यांदाच बोलले हे. स्वतःशीसुद्धा पहिल्यांदा.

सुमेधा विचार करत होती. गणित सोडवताना करते तसा, खालचा ओठ आत घेऊन. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"मला विचारायचं होतं ना, मॅडम," ती म्हणाली. "मी नाव घालून दिली असती."

आणि बसली. माफीनामा चार घड्या करून कंपासपेटीत ठेवला, वही उघडली, वर तारीख घातली. बाकीच्यांनीही वह्या उघडल्या. तास संपायला अजून बावीस मिनिटं होती. मी खडू घेतला आणि फळ्याकडे तोंड केलं, कारण त्यांच्याकडे तोंड करून उभं राहणं मला जमत नव्हतं.